दोन प्रतींचा तंटा : संगणक व मोबाइल यांमधील फाइल-सिंकचे दोष आणि त्यांचे निराकरण



मागील पावसाळ्यातील एक प्रसंग प्रथम निवेदन करतो, कारण प्रस्तुत लेखाचा उगम त्यातच आहे. घाटाखालील एका वाडीत आम्ही एका रुग्णेस पाहण्यासाठी गेलो होतो आणि पावसामुळे रात्री तेथेच मुक्काम करावा लागला. बोलण्याच्या ओघात तिने सांगितले की, पूर्वी एकदा गुडघ्यास बिब्बा लावला असता अंगभर फोड उठले, डोळे सुजून बंद झाले आणि आठवडाभर अंथरूण धरावे लागले. ही नोंद आम्ही तत्काळ मोबाइलवरील रुग्णनोंदवहीत केली. वाडीत रेंज नव्हती. नोंद मोबाइलमध्येच राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिकित्सालयात आमच्या सहायकाने त्याच नोंदवहीत संगणकावर शुल्काच्या नोंदी केल्या व फाइल जतन केली. दुपारी आम्ही घाट चढून वर आलो, मोबाइलला इंटरनेट मिळाले, आणि फोल्डरमध्ये जवळजवळ त्याच नावाची दुसरी एक फाइल येऊन बसली. सहायकाने ती फालतू दुबार फाइल समजून पुसून टाकली. त्यात त्याचा दोष आम्ही मानत नाही; त्याच्या जागी असतो तर आम्हीही तेच केले असते.

बाविसाव्या दिवशी ती रुग्णा अजीर्ण व ज्वराची तक्रार घेऊन चिकित्सालयात आली. आम्ही संगणकावरील नोंद पाहिली, तीत काहीच वावगे दिसले नाही, आणि संजीवनी वटी लिहून दिली. कागद हातात घेता घेता ती म्हणाली, "वैद्यबुवा, ह्यात बिब्बा तर नाही ना? मागल्या खेपेस मी तुम्हाला सांगितलं होतं." संजीवनी वटीतील घटक वाचकांस सांगावयास नकोत. कागद परत घेतला, योजना बदलली, आणि त्याच रात्री शोधास लागलो. पुसलेली फाइल त्या सेवेच्या कचरापेटीत तीस दिवस राहते, म्हणून ती बिब्ब्याची ओळ आम्हांस परत मिळाली. आणखी नऊ दिवसांनी ती मिळाली नसती.

फार्मसीचालक बंधूंच्या बाबतीत हेच बॅच-नोंदींस लागू आहे. शेड्यूल 'टी'नुसार ठेवावयाच्या उत्पादन-नोंदी आज अनेक ठिकाणी प्रथम संगणकावर वा टॅबलेटवर लिहिल्या जातात. एका प्रतीत भावनांची संख्या तीन व दुसरीत सात अशी स्थिती तपासणीच्या वेळी उघडकीस आली, तर कोणती खरी हे सांगणे कठीण होते. म्हणून हा दोष कसा उत्पन्न होतो, तो कसा ओळखावा व कसा दूर करावा, याचे विवेचन येथे करीत आहोत.

'सिंक' हा शब्द आता व्यवहारात रुळला आहे, तोच वापरू. सिंक करणारा प्रोग्रॅम तीन गोष्टी जवळ बाळगतो : संगणकावरील प्रत, मोबाइलवरील वा सर्व्हरवरील प्रत, आणि या दोन्ही प्रती शेवटी कधी एकरूप होत्या याची स्मृती. ही तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. शेवटच्या एकरूपतेनंतर फक्त एका बाजूस बदल झाला असेल, तर तो बदल दुसऱ्या बाजूस नेला जातो आणि कोणास काही कळतही नाही. दोन्ही बाजूंस बदल झाला असेल, तर मात्र प्रोग्रॅमपुढे प्रश्न उभा राहतो. त्याला आशय समजत नाही. शुल्काची नोंद आणि बिब्ब्याची नोंद त्याच्या लेखी सारख्याच. तेव्हा चांगला प्रोग्रॅम निर्णय देण्याचे नाकारतो आणि दोन्ही प्रती ठेवतो. म्हणजे दुबार फाइल हा बिघाड नसून बिघाड झाल्याची सूचना आहे. ती पुसणे म्हणजे ज्वर उतरला पाहिजे म्हणून तापमापकच फोडणे होय.

आपल्या शास्त्रात ही स्थिती नवी नाही. चरकसंहितेच्या निरनिराळ्या हस्तलिखितांत पाठभेद आढळतात. चक्रपाणिदत्तांसारखे टीकाकार भिन्न पाठ पुसून टाकीत नाहीत, त्याची नोंद करतात. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने १९४१ साली प्रसिद्ध केलेल्या, यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेल्या आवृत्तीतही पाठभेद तळटीपांत दिलेले आहेत. दोन प्रतींपैकी एक ग्राह्य धरावयाची झाली तरी दुसरी जपून ठेवावयाची, हीच शिस्त येथेही हवी.

याउलट काही साधने 'जो शेवटी लिहील त्याचे खरे' या न्यायाने चालतात. तेथे दुबार फाइल दिसत नाही, तंटा दिसत नाही, आणि एकाचे लिखाण निमूटपणे नाहीसे होते. आम्हांस विचाराल तर दहा दुबार फाइली परवडल्या, पण हे मूक नुकसान नको.

संगणकशास्त्रज्ञांनाही या प्रश्नाने दीर्घकाळ झुंजविले आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या नेतृत्वाखाली १९८७ पासून 'कोडा' ही फाइल-व्यवस्था विकसित झाली. संपर्क तुटला असतानाही काम चालू ठेवता यावे व संपर्क येताच बदल जुळावेत, हा तिचा एक प्रमुख उद्देश होता. आमच्यापैकी ज्यांनी विंडोज ९५ वापरले आहे त्यांस त्यातील 'माय ब्रीफकेस' आठवत असेल. फ्लॉपीवरील व संगणकावरील प्रती जुळविण्याचे ते साधन होते. साधने बदलली, मूळ प्रश्न तोच राहिला.

आता रूपे पाहू. ड्रॉपबॉक्समध्ये तंटा झाला की फाइलच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' हे शब्द, वापरणाऱ्याचे वा संगणकाचे नाव व दिनांक जोडला जातो. वनड्राइव्ह बहुधा फाइलच्या नावापुढे संगणकाचे नाव जोडते. त्यामुळे ज्या चिकित्सालयात सर्व संगणकांची नावे कारखान्यातून आली तशीच, अक्षरे-आकडे मिसळलेली ठेवली आहेत, तेथे कोणती प्रत कोणत्या संगणकाची हे उमजत नाही. संगणकांना 'स्वागतकक्ष', 'औषधालय' अशा अर्थाची, पण रोमन लिपीत लिहिलेली नावे द्यावीत. पाच मिनिटांचे काम आहे. आपली माहिती बाहेरच्या सर्व्हरवर नको म्हणून काही जण 'सिंकथिंग' वापरतात. त्यात तंट्यातील जुन्या वेळेची प्रत 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' असे नाव धारण करते. या प्रोग्रॅमचे अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले, हे ते वापरणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

परंतु प्रत्येक तक्रार म्हणजे तंटा नव्हे. येथेच व्यवच्छेदक निदान लागते. मोबाइलवर जुनीच फाइल दिसते, दुबार प्रत कोठेही नाही, अशा वेळी सिंक थांबलेले असते. त्याची कारणे बहुधा साधी असतात : मोबाइलमधील बॅटरी-बचतीने ॲपला झोपविलेले असते, 'फक्त वायफायवर' ही अट निवडलेली असते, किंवा साठा भरलेला असतो. गूगलच्या विनामूल्य खात्यातील १५ जीबी जागेत ड्राइव्ह, जीमेल व फोटो हे तिन्ही वाटेकरी आहेत. घरच्या लग्नाच्या चित्रफितींनी चिकित्सालयाच्या नोंदी अडविल्याचे उदाहरण आमच्या परिचयात आहे. वनड्राइव्हची विनामूल्य जागा ५ जीबी व ड्रॉपबॉक्सची २ जीबी आहे, ती तर आणखी लवकर भरते. याखेरीज एक कारण हमखास आढळते आणि ते शोधण्यास सर्वाधिक वेळ जातो : संगणकावर चिकित्सालयाचे खाते व मोबाइलवर चिरंजिवांचे खाते. दोन्हीकडे फोल्डरचे नाव एकच, चिन्ह एकच, आणि परस्परसंबंध शून्य. म्हणून प्रथम दोन्ही ठिकाणचा ई-मेल पत्ता अक्षरशः वाचून पाहावा.

फाइल मोबाइलवर दिसते पण गावी गेल्यावर उघडत नाही, ही तक्रारही तंट्यात मोडत नाही. ती फाइल केवळ नावापुरती मोबाइलवर असते. निघण्यापूर्वी तिला 'ऑफलाइन उपलब्ध' करून ठेवावे लागते. तसेच जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली फाइल मोबाइलवर अगम्य चिन्हांची दिसते, तोही सिंकचा दोष नव्हे. ती फाइल मूळ संगणकावर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच उपाय.

व्हॉट्सॲपविषयी स्वतंत्र सांगणे प्राप्त आहे. औषधसाठ्याची यादी व्हॉट्सॲपवर पाठवली, ती समोरच्याने मोबाइलवर उघडून दुरुस्त केली, आणि मूळ यादी बदलली अशी त्याची समजूत झाली, हे आम्ही वारंवार पाहतो. पाठवलेली फाइल ही त्या क्षणीची स्वतंत्र प्रत असते. तिचा मूळ फाइलशी काडीचाही संबंध उरत नाही. अशी तिसरी, चौथी प्रत पुन्हा मूळ फोल्डरमध्ये टाकली की मग खरा गोंधळ सुरू होतो, आणि तो कोणत्याही प्रोग्रॅमला ओळखता येत नाही.

खऱ्या तंट्याचे सर्वांत सामान्य कारण आमच्या अनुभवानुसार उघडी राहिलेली फाइल हे आहे. सायंकाळी संगणक बंद न करता झोपविला जातो, नोंदवही पडद्यावर उघडीच असते. रात्री मोबाइलवर भर घातली जाते. सकाळी संगणक जागा होतो, कालचीच उघडी प्रत समोर असते, त्यात एक ओळ लिहून जतन केली जाते. दोन्ही बाजूंस बदल झाला, तंटा उभा राहिला. एक्सेलमध्ये अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची सोय आता आहे, परंतु ती वनड्राइव्हसारख्या जागी ठेवलेल्या नव्या प्रकारच्या फाइलींसाठी आहे. 'एक्सएलएस' या जुन्या प्रकारच्या फाइलींस ती लागू होत नाही. अनेक औषधालयांतील साठ्याच्या याद्या आजही त्याच जुन्या प्रकारात आहेत. 'सेव्ह ॲज' करून त्या नव्या प्रकारात न्याव्यात आणि जुनी फाइल फोल्डरमधून बाहेर काढावी, अन्यथा त्याच दोन प्रती होऊन बसतात.

दुसरे कारण घड्याळ. संगणकाच्या मदरबोर्डवरील नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच दिनांक कित्येक वर्षे मागे जातो. अशा संगणकावर आज लिहिलेली फाइल जुनी ठरते, आणि वेळेवरून निवाडा करणारे साधन तिला मागे सारते. निरनिराळ्या यंत्रांच्या घड्याळांवर विसंबून घटनांचा क्रम ठरविता येत नाही, हे लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखविले होते. आपल्याला तेवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही. बॅटरी बदलावी, तिची किंमत अत्यल्प असते, आणि दिनांक-वेळ आपोआप जुळण्याची सोय चालू ठेवावी.

तिसरे कारण खास आपले आहे. 'कुऱ्हाडे', 'गोऱ्हे', 'वऱ्हाडे' या नावांतील ऱ्य-ऱ्ह चा अर्धा र संगणकास दोन प्रकारे लिहिता येतो : स्वतंत्र 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडून, अथवा साधा 'र', पायमोड व डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन भिन्न नावे आहेत. संगणकावरील कळफलकाने एक प्रकार लिहिला व मोबाइलवरील कळफलकाने दुसरा, की एकाच रुग्णाच्या दोन फाइली शेजारी शेजारी सुखाने नांदतात, एकीत पंचकर्माची नोंद आणि दुसरीत पथ्याची. शोध घेतला तरी एकच सापडते. म्हणून फाइलचे नाव रुग्णक्रमांकाने सुरू करावे व नाव केवळ पुढे जोडावे. दिनांक वर्ष-महिना-दिवस या क्रमाने व मध्ये आडवी रेघ देऊन लिहावा. तिरकी रेघ, अपूर्णविराम वा प्रश्नचिन्ह विंडोज फाइलच्या नावात स्वीकारत नाही, आणि मोबाइलवर अशा नावाने बनलेली फाइल एकतर अडून राहते किंवा नाव बदलून उतरते.

आता चिकित्सा. तंटा दिसताच प्रथम सर्व उपकरणांवरील सिंक तात्पुरते थांबवावे व संबंधित फाइली सर्वत्र बंद कराव्यात. संपूर्ण फोल्डरची प्रत दिनांक घालून पेन ड्राइव्हवर घ्यावी. हे झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. नंतर दोन्ही प्रती शेजारी उघडाव्यात. 'मोठी ती पूर्ण' व 'नवी ती खरी' हे दोन्ही नियम फसवे आहेत. आमच्या प्रसंगात बिब्ब्याची प्रत लहान होती. वर्डच्या फाइलींसाठी 'रिव्ह्यू' या सदरात 'कंपेअर' ही सोय आहे, ती दोन प्रतींतील प्रत्येक फरक रंगवून दाखविते. एक्सेलमध्ये दोन्ही प्रतींतील ओळी तिसऱ्या, नव्या फाइलमध्ये एकाखाली एक चिकटवाव्यात, 'रिमूव्ह डुप्लिकेट्स' या सोयीने सर्व रकाने निवडून तंतोतंत सारख्या ओळी काढाव्यात, आणि उरलेल्या ओळी रुग्णक्रमांक वा बॅच क्रमांकानुसार लावाव्यात. जो क्रमांक दोनदा दिसेल, तेथेच भेद आहे. विक्रीच्या यादीस मात्र ही युक्ती लावू नये. तेथे दोन खऱ्या विक्रींच्या ओळी तंतोतंत सारख्या असू शकतात, आणि त्यांतील एक गळून जाईल.

भेद सापडल्यावर रुग्णाच्या नोंदीत दोन्ही ओळी ठेवाव्यात. कोणती बरोबर याविषयी शंका असल्यास रुग्णास विचारावे, तर्क करू नये. जुळविलेली फाइल मूळ नावाने ठेवून मागे पडलेली प्रत सिंकच्या फोल्डरबाहेरील 'निरस्त' अशा फोल्डरमध्ये न्यावी. सिंक प्रथम एका संगणकावर सुरू करावे, सर्व फाइली वर चढेपर्यंत थांबावे, मगच इतर उपकरणे एकेक जोडावीत. सर्व एकदम सुरू केली की तंटा पुन्हा उद्भवण्याचा संभव असतो.

तंटाच उद्भवू नये म्हणून काय करावे, या प्रश्नाचे आमचे उत्तर नोंद लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एक उदाहरण देतो. औषधालयात महानारायण तेलाच्या ४० बाटल्या आहेत. बाहेर गेलेल्या प्रतिनिधीने ५ विकल्या व मोबाइलवर शिल्लक ३५ लिहिली. त्याच काळात दुकानात ८ विकल्या गेल्या व संगणकावर शिल्लक ३२ लिहिली गेली. आता कोणतीही प्रत निवडा, उत्तर चूकच. खरी शिल्लक २७ आहे आणि ती दोन्हींपैकी एकाही प्रतीत नाही. याऐवजी शिल्लक न लिहिता 'जावक ५' व 'जावक ८' अशा दोन ओळी लिहिल्या असत्या, तर दोन प्रती एकत्र करताच वजाबाकी आपोआप बरोबर आली असती. जुन्या रोजकीर्दीची पद्धत हीच होती. आकडा खोडून नवा लिहावयाचा नाही, नवी ओळ लिहावयाची. रुग्णनोंदीसही हेच लागू : जुना मजकूर न बदलता प्रत्येक भेटीची नवी, दिनांकित ओळ.

याला जोडून आम्ही चिकित्सालयात 'एका फाइलीस एक लेखणी' हा नियम केला आहे. मोबाइल केवळ 'गृहभेट' या स्वतःच्या फाइलीत लिहितो, संगणकाने तीत लिहावयाचे नाही. रात्री सहायक त्यातील ओळी मुख्य नोंदवहीत उतरवितो व प्रत्येक ओळीपुढे खूण करतो. थोडे अधिक काम आहे, हे मान्य. पण तंटा एकदाही झालेला नाही. गूगल शीट्ससारख्या साधनात अनेकांना एकाच वेळी लिहिता येते व ते सोयीचेही आहे. मात्र एकाच चौकटीत दोघांनी लिहिले तर तेथेही शेवटचे लिखाण टिकते.

बिलिंग वा हिशेबाच्या प्रोग्रॅमची माहिती ज्या फोल्डरमध्ये साठते, तो फोल्डर सिंकमध्ये टाकण्याचा मोह टाळावा. त्यातील फाइली परस्परावलंबी असतात आणि प्रोग्रॅम चालू असताना सतत बदलतात. सिंक त्यांतील एक आता व दुसरी थोड्या वेळाने उचलते, आणि दुसऱ्या संगणकावर पोहोचते ते अर्धे जुने, अर्धे नवे असे काहीतरी, जे उघडतच नाही. अशा माहितीसाठी त्या प्रोग्रॅममधीलच बॅकअपची सोय वापरून तयार होणारी एकच फाइल सिंकमध्ये ठेवावी.

सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही येथेच सांगितले पाहिजे. एका ठिकाणी पुसलेले सर्वत्र पुसले जाते. मोबाइलची जागा मोकळी करण्यासाठी कोणी सिंकमधील छायाचित्रे काढून टाकली, तर ती संगणकावरूनही जातात. गूगल ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यातही मुदत ३० दिवसांचीच आहे. चुकीचे लिहून जतन केलेल्या फाइलीसाठी जुन्या आवृत्त्यांची सोय असते : वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात शेवटच्या २५ आवृत्त्या, तर गूगल ड्राइव्हवर चढविलेल्या वर्ड-एक्सेलसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या सामान्यतः ३० दिवस वा १०० आवृत्त्या इतक्याच टिकतात. बाविसाव्या दिवशी आम्हांस जे मिळाले ते या मुदतीमुळे, आमच्या सावधपणामुळे नव्हे.

त्या प्रसंगानंतर आम्ही दोन पेन ड्राइव्ह घेतले आहेत. एका शनिवारी एकावर व पुढच्या शनिवारी दुसऱ्यावर नोंदींची प्रत घेतली जाते, आणि त्या आठवड्यात वापरात नसलेला ड्राइव्ह घरी राहतो. बिब्बा, अन्य असात्म्य द्रव्ये आणि रुग्णाची चालू असलेली आधुनिक औषधे यांची नोंद मात्र आम्ही आजही केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात तांबड्या शाईनेही करतो.